मांजराचा शी-शूवरचा ताबा सुटला तर काय करायचं? कारणं, घरची काळजी आणि धोक्याच्या खुणा

पाच वर्षं न चुकता ट्रेमध्ये जाणारं मांजर एके दिवशी गादीवरून उठतं आणि मागे ओला डाग राहतो. दोन दिवसांनी सोफ्यावर तसाच डाग दिसतो. मग चालताना फरशीवर थेंब दिसू लागतात.

बहुतेक घरांत यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "मुद्दाम करतंय", "लाडावलंय", "राग काढतंय". मग ओरडा बसतो, कधी फटकाही बसतो. काही घरांत तर मांजर पिशवीत घालून लांबच्या मच्छी मार्केटजवळ सोडून देण्यापर्यंत गोष्ट जाते.

मात्र ज्या मांजराचा लघवीवरचा ताबा सुटलेला असतो, त्याला आपण ओलं करतोय हे अनेकदा कळतही नाही. हा आजार असतो किंवा दुखापतीचा परिणाम असतो. काही मांजरं उपचारांनी बरी होतात, काही बरी होत नाहीत. पण बरी न होणारी मांजरंही योग्य काळजी मिळाली तर अनेक वर्षं जगू शकतात. ही काळजी नेमकी काय असते आणि ती घेताना कोणत्या चुका जिवावर बेतू शकतात, ते समजून घेऊया.

ताबा सुटणं म्हणजे नेमकं काय?

मांजर ट्रेबाहेर लघवी करतं, यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी फरक ओळखावा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे हद्द आखणं. मांजर उभं राहतं, शेपूट ताठ वर करून थरथरवतं आणि भिंतीवर, दारावर किंवा पडद्यावर लघवीची पिचकारी मारतं. नसबंदी न केलेल्या बोक्यांमध्ये हे जास्त दिसतं. यात मांजराचा लघवीवर पूर्ण ताबा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रे टाळणं. मांजर बसून, नीट जागा निवडून लघवी करतं, पण ट्रेबाहेर. ट्रे घाण असेल, जागा गजबजलेली असेल, लघवी करताना जळजळ होत असेल किंवा सांधे दुखत असल्यामुळे उंच कडेच्या ट्रेमध्ये चढता येत नसेल, तर असं होतं. म्हाताऱ्या मांजरांमध्ये सांध्यांचं दुखणं फार असतं आणि ते सहज लक्षात येत नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यातल्या ९० मांजरांमध्ये सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या.

तिसरी गोष्ट म्हणजे खरोखर ताबा सुटणं. यात मांजर जागा निवडत नाही आणि बसण्याची पोझही घेत नाही. झोपेत, उडी मारताना, उचलून घेतल्यावर किंवा चालता चालता लघवी गळते. पोटाखालचे आणि मागच्या पायांचे केस सतत ओले किंवा चिकट असतात, अंगाला वास येतो. शीच्या बाबतीत चालताना गोळ्या पडत जातात किंवा झोपलेल्या जागी शी आढळते.

मधुमेह, किडनीचा आजार आणि थायरॉइडचं प्रमाण वाढणं यांमुळे लघवीचं प्रमाणच वाढतं, मांजर खूप पाणी पितं आणि ट्रेपर्यंत पोचण्याआधीच गडबड होते. वरून पाहिलं तर हे ताबा सुटल्यासारखं दिसतं, पण उपचार मूळ आजारावर करावे लागतात.

डॉक्टरांना दाखवताना मोबाइलवर काढलेला छोटा व्हिडिओ फार उपयोगी पडतो. मांजर नेमकं काय करतं हे सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं असतं आणि दवाखान्यात ते तसं करेलच असं नाही.

आधी हे तपासा: लघवी तुंबली तर नाही ना?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे, खर किंवा सूज यामुळे अडथळा आला की लघवी तुंबते. मूत्राशय तट्ट फुगतं आणि दाब वाढला की थेंब थेंब लघवी गळू शकते. घरच्यांना वाटतं, ताबा सुटलाय. प्रत्यक्षात लघवी बाहेरच पडत नसते.

याच्या खुणा अशा:

- बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, पण थेंबभरच येतं किंवा काहीच येत नाही
- जोर करताना ओरडतो, लघवीची जागा सतत चाटतो
- पोटाला हात लावू देत नाही
- खाणं सोडतो, उलट्या करतो, मलूल पडतो

असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नये. शरीरातली घाण रक्तात साठते, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची गती बिघडते. उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर बोका दगावू शकतो. अशा बोक्याचं पोट घरी दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, मूत्राशय फुटू शकतं.

ताबा का सुटतो?

लघवी साठवायची की सोडायची, याचे निरोप मेंदू आणि मूत्राशय यांच्यात पाठीच्या कण्यातून ये-जा करतात. कण्याच्या शेवटी, कमरेच्या मागच्या भागातून निघणाऱ्या नसा मूत्राशय, गुदद्वार आणि शेपटीकडे जातात. या रस्त्यावर कुठेही बिघाड झाला की ताबा जातो.

मुख्य कारणं अशी:

शेपूट ओढली जाणं. गाडीचं चाक शेपटीवरून जाणं, दारात शेपूट अडकणं, उंचावरून पडणं किंवा कुणीतरी शेपूट धरून ओढणं. याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

कण्याची इतर दुखापत. अपघात, गॅलरीतून पडणं, कुत्र्याचा हल्ला.

जन्मजात दोष. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन या बेटावरची 'मँक्स' मांजरं बिनशेपटीची म्हणून प्रसिद्ध आहेत. शेपूट आखूड करणारी जनुकीय खूण काही पिल्लांमध्ये शेपटीपुरती न थांबता कण्याचं टोक आणि तिथल्या नसाही अर्धवट ठेवते. अशी पिल्लं लहानपणापासूनच शी-शू रोखू शकत नाहीत आणि सशासारखी उड्या मारत चालतात. दोन्ही पालकांकडून ही खूण आली तर पिल्लू जन्मतच नाही, पोटातच दगावतं.

मूत्राशयाचा संसर्ग, खडे किंवा गाठ. यांत मूत्राशय चिडलेलं असतं आणि लघवी रोखून धरता येत नाही.

विषाणू. फेलाइन ल्युकेमिया विषाणूची लागण झालेल्या काही मांजरांमध्ये लघवी गळण्याचा त्रास दिसतो.

बद्धकोष्ठ. आतड्यात कडक शी साचते आणि तिच्या बाजूने पातळ शी झिरपते. घरच्यांना जुलाब वाटतात आणि ते जुलाब थांबवण्याचं औषध देतात. त्यामुळे त्रास आणखी वाढतो.

म्हातारपण. काही म्हाताऱ्या मांजरांना माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो. ट्रे कुठे आहे हेच ती विसरतात.

शेपूट ओढल्याची दुखापत: शहरी मांजरांची नेहमीची गोष्ट

पार्क केलेल्या गाडीखाली किंवा इंजिनाजवळ बसायची सवय अनेक मांजरांना असते. गाडी अचानक सुरू होते, मांजर पळतं, पण शेपूट चाकाखाली सापडते. मांजर जोर लावून सुटतं. बाहेरून जखम दिसत नाही, पण शेपूट दोरीसारखी लोंबत असते.

या झटक्यात शेपटीच्या मुळाशी असलेले मणके निखळतात. त्यातून जाणाऱ्या नसा ताणल्या जातात किंवा तुटतात. शेपूट लोंबते, हे डोळ्यांना दिसतं. पण मूत्राशय आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसा तिथूनच निघत असल्यामुळे लघवी तुंबणं किंवा गळणं हा त्याहून गंभीर प्रश्न असतो, आणि तो एक-दोन दिवसांनी लक्षात येतो. म्हणून शेपूट लोंबलेल्या मांजराने लघवी केली का, हे त्याच दिवशी पाहावं.

अशा मांजराचं पुढे काय होणार, याचा अंदाज डॉक्टर एका साध्या तपासणीवरून घेतात. शेपटीच्या मुळाशी चिमटा घेतल्यावर मांजराला दुखतंय का? दुखत असेल तर नसा शाबूत असण्याची आशा चांगली असते. गुदद्वाराला स्पर्श केल्यावर ते आकसतं का, हेही पाहिलं जातं.

नसा भरून यायला वेळ लागतो. लघवीवरचा ताबा परत यायचा असेल तर तो बहुतेक वेळा पहिल्या महिनाभरात येतो. त्यानंतर शक्यता कमी होत जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच "आता काही होणार नाही" असं ठरवणं घाईचं ठरतं. या काळात मूत्राशय फुगू न देणं सगळ्यात गरजेचं असतं, कारण फार ताणलं गेलेलं मूत्राशय नसा बऱ्या झाल्यावरही नीट आकसत नाही.

निर्जीव शेपूट घसटत राहते, घाणीत भिजते आणि तिला जखमा होतात. अशा वेळी डॉक्टर ती कापून टाकण्याचा सल्ला देतात. बिनशेपटीचं मांजर त्याशिवाय आरामात राहतं.

डॉक्टर काय तपासतात?

पोट चाचपून मूत्राशय भरलेलं आहे की रिकामं, हे आधी पाहिलं जातं. त्यानंतर गरजेप्रमाणे लघवीची तपासणी आणि कल्चर, रक्ततपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी आणि विषाणूंच्या चाचण्या होतात.

महाराष्ट्रात परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर तिथल्या रुग्णालयात दाखवण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारता येतं. परळचं महाविद्यालय १८८६ साली सुरू झालेलं आहे.

काही मांजरांना औषधांचा उपयोग होतो. मूत्राशयाचा स्नायू आकसायला मदत करणारी, मूत्रमार्ग सैल करणारी किंवा उलट तो घट्ट करणारी, अशी वेगवेगळी औषधं असतात. कोणत्या मांजराला कोणतं चालेल हे मूत्राशय सैल पडलंय की आखडलंय यावर ठरतं. चुकीचं औषध नेमका उलटा परिणाम करू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या मांजराची चिठ्ठी आपल्या मांजराला वापरू नये.

मूत्राशय हाताने रिकामं करणं

ज्या मांजराला आपण होऊन लघवी करता येत नाही, त्याचं मूत्राशय दिवसातून साधारण दोन ते तीन वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं. ऐकायला अवघड वाटतं, पण अनेक पालक हे आठवडा-पंधरा दिवसांत शिकतात. मात्र ते डॉक्टरांसमोर, त्यांचा हात धरूनच शिकावं. व्हिडिओ पाहून पहिला प्रयोग करू नये.

पद्धत साधारण अशी असते:

१. मांजराला बाथरूममध्ये किंवा पॅडवर उभं करावं किंवा कुशीवर झोपवावं. एक हात छातीखाली आधाराला ठेवावा.

२. दुसरा हात पोटाखाली, मागच्या पायांच्या थोडं पुढे न्यावा. भरलेलं मूत्राशय पाणी भरलेल्या फुग्यासारखं लागतं, साधारण लिंबापासून छोट्या संत्र्याएवढं.

३. एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटं ठेवून हळूहळू, एकसारखा दाब शेपटीच्या दिशेने द्यावा. झटका देऊ नये.

४. लघवीची धार सुरू झाली की तोच दाब ठेवावा. मूत्राशय लहान झाल्याचं हाताला कळतं.

५. दाब देऊनही लघवी येत नसेल तर थांबावं आणि डॉक्टरांना फोन करावा. जोर वाढवू नये.

लघवीचा रंग, वास आणि प्रमाण रोज पाहायची सवय लावावी. मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही तर साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग किडनीपर्यंत पोचू शकतो. लघवी गढूळ किंवा लालसर दिसली, उग्र वास आला, मांजर मलूल झालं किंवा खाणं कमी केलं तर लघवीची तपासणी करून घ्यावी. अशा मांजरांना पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. दर वेळी घरात उरलेलं अँटिबायोटिक दिलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडण्याची चूक कधीही करू नये. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, खडे आणि संसर्गाचा धोका वाढतो, किडनीवर ताण येतो.

कातडी जपणं

सतत ओली राहणारी कातडी लाल होते, सोलवटते आणि तिथे जखमा होतात. लहान बाळाला लंगोटाने पुरळ येते, तसाच हा प्रकार असतो.

- पोटाखालचे, मांड्यांमधले आणि शेपटीखालचे केस बारीक करून घ्यावेत. त्यासाठी ट्रिमर वापरावा, कात्री नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती केसांबरोबर कात्रीत सापडते.
- रोज पूर्ण अंघोळ घालू नये. मागचा भाग तेवढा कोमट पाण्याने धुवावा आणि मऊ कपड्याने टिपून पूर्ण कोरडा करावा. घासू नये.
- वाइप्स वापरायचे असतील तर बिनवासाचे घ्यावेत.
- मलम डॉक्टरांना विचारूनच लावावं. मांजर अंगावरचं सगळं चाटतं. बाळांच्या पुरळीच्या अनेक मलमांत झिंक ऑक्साइड असतं आणि ते पोटात जाणं मांजरासाठी घातक आहे.

पावसाळ्यात विशेष लक्ष द्यावं लागतं. ओल्या, घाण झालेल्या केसांत आणि जखमेत माश्या अंडी घालतात आणि अगदी एक-दोन दिवसांत अळ्या पडू शकतात. शेपटीखालचा भाग रोज उजेडात, केस बाजूला करून पाहावा. अळ्या दिसल्या तर लगेच दवाखान्यात न्यावं. जखमेत टर्पेंटाइन, रॉकेल किंवा फिनाइल ओतण्याचे जुने उपाय मांजराचा जीव घेऊ शकतात.

डायपर लावावा का?

काही मांजरं डायपर निमूटपणे घालून घेतात, काही पाच मिनिटांत फाडून टाकतात. नवजात बाळाचा सर्वांत लहान मापाचा डायपर घेऊन शेपटीसाठी भोक पाडता येतं. तो घसरू नये म्हणून वरून बाळाचं छोटं झबलं घालणारेही आहेत.

मात्र डायपर म्हणजे दिवसभराची सुट्टी नव्हे. चार ते सहा तासांत तो बदलावा लागतो, शी झाली तर लगेच. दिवसातून काही तास कातडीला मोकळी हवा मिळायला हवी. फाडलेल्या डायपरमधला जेल मांजराच्या पोटात जाऊ नये. घरात पाहुणे आहेत किंवा मांजर कुशीत झोपायला आलंय, अशा ठरावीक वेळांसाठी डायपर आणि एरवी पॅड, अशी विभागणी अनेक घरांत जमते.

मूत्राशय दाबून रिकामं करावं लागणाऱ्या मांजराला नुसता डायपर लावून भागत नाही. डायपर ओला झाला म्हणजे मूत्राशय रिकामं झालं, असा अर्थ होत नाही.

शीचं काय?

शीवरचा ताबा गेला असेल तर ती बांधलेली राहणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. सुक्या गोळ्या उचलता येतात, पातळ शी आवरता येत नाही.

यात पहिला बदल म्हणजे दूध बंद करणं. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध-पोळी आणि दूध-भात आठवतो. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि शी पातळ होते. शिवाय मांजर मूळचं मांसाहारी असल्यामुळे दूध-पोळीवर त्याचं पोषणही होत नाही.

जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात. जेवणानंतर आतडी हलू लागतात, त्यामुळे खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास मांजराला पॅड अंथरलेल्या जागी ठेवलं तर बऱ्याच वेळा शी तिथेच होते. काही मांजरांना गुदद्वाराभोवती कोमट ओल्या कापडाने पुसल्यावर शी होते. मांजरी पिल्लांना चाटून शी-शू करायला लावते, त्याचीच ही नक्कल.

उलट बाजूला बद्धकोष्ठाचा धोका असतो. नसांना इजा झाली असेल तर मोठं आतडं शी पुढे ढकलत नाही आणि फुगत जातं. दोन-तीन दिवस शी झाली नाही तर डॉक्टरांना सांगावं. लॅक्ट्युलोजसारखी औषधं ते प्रमाण ठरवून देतात. इसबगोलही विचारल्याशिवाय देऊ नये, फुगलेल्या आतड्यात त्याने अडथळा वाढू शकतो. आणि औषधांच्या दुकानात मिळणारा माणसांचा फॉस्फेट एनिमा मांजराला कधीही देऊ नये. त्याने मांजर दगावू शकतं.

घर कसं लावायचं?

बाळंतिणीच्या खोलीत जे सामान असतं, तेच इथे कामाला येतं. खाली मेणकापड किंवा रबरी शीट, त्यावर जुन्या सुती साडीच्या घड्या किंवा दुपटी. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी मिळणारी अंडरपॅडही उपयोगी पडतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यामुळे नेहमीपेक्षा दुप्पट जोड तयार ठेवावेत.

मांजराला संडासात किंवा गॅलरीत कायमचं कोंडून ठेवणं हा उपाय होऊ शकत नाही. माणसांच्या सहवासात, पण पुसता येईल अशा फरशीवर त्याची जागा असावी. सोफा आणि गादीवर धुता येणारं कव्हर घालावं, रात्री बेडरूमचं दार लावावं. थोडाफार ताबा असलेल्या मांजरासाठी प्रत्येक खोलीत कमी कडेचा ट्रे ठेवावा.

वास जात का नाही?

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून उग्र वासाची द्रव्यं तयार होतात. म्हणूनच डाग ताजा असतानापेक्षा दुसऱ्या दिवशी वास वाढलेला जाणवतो. नसबंदी न केलेल्या बोक्यांमध्ये फेलिनिनचं प्रमाण जास्त असतं.

ताजा डाग आधी कापडाने दाबून टिपावा, मग साध्या पाण्याने धुवावा. त्यानंतर पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइमचं क्लीनर लावून बाटलीवर दिलेला वेळ तसंच राहू द्यावं. कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

आता सगळ्यात घातक चूक. आपल्याकडे लघवीचा वास आला की बादलीत फिनाइल पडतं. मांजराचं यकृत फिनॉल गटातली रसायनं नीट निकामी करू शकत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालल्यावर मांजर पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. क्लोरोझायलेनॉल असलेली अँटिसेप्टिक द्रवं आणि टी ट्री तेल यांचाही धोका आहे. ब्लीच लघवीवर ओतलं तर त्यातून विषारी वायू तयार होतो, तो माणसांनाही बाधतो. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास लघवीसारखाच असल्यामुळे मांजर तिथेच पुन्हा जाऊ शकतं.

याच यादीत एक औषधही आहे. दुखत असेल म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देऊ नये. माणसांची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते.

घरातल्या माणसांचं काय?

ही काळजी रोजची असते, तिला रविवार नसतो. एकाच माणसावर सगळं पडलं की काही महिन्यांत तो थकतो, चिडतो, आणि मांजराचा प्रश्न घरातल्या भांडणाचा विषय होतो. म्हणून सुरुवातीपासूनच किमान दोन जणांनी मूत्राशय रिकामं करायला शिकावं. गावी जायचं असेल, लग्नकार्य असेल किंवा एक जण आजारी पडला तर दुसरा तयार असतो. शेजाऱ्याला "फक्त खायला घाला" असं सांगून अशा मांजराला मागे ठेवता येत नाही.

घरात गरोदर बाई असेल तर शी साफ करण्याचं काम दुसऱ्याने करावं. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. तो बाहेर पडल्यापासून संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे शी त्याच दिवशी उचलणं आणि हात धुणं यानेच धोका बराच कमी होतो.

सोडून दिलं तर?

बाजारात किंवा मार्केटजवळ सोडलेलं धडधाकट मांजर कदाचित तग धरेल. पण ज्याचं मूत्राशय हाताने रिकामं करावं लागतं, ते मांजर रस्त्यावर काही दिवसांतच लघवी तुंबून, संसर्गाने किंवा अळ्या पडून तडफडत मरतं.

शिवाय हा गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार, प्राणी भुकेने किंवा तहानेने तळमळेल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय सोडून देणं दंडनीय आहे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे १० ते ५० रुपये. हा आकडा पाहून कायद्याचा धाक कुणाला वाटावा, असा प्रश्न प्राणिमित्र कित्येक वर्षं विचारत आहेत.

थांबायचं कधी?

हा प्रश्न अवघड आहे, पण टाळण्यासारखा नाही. केवळ लघवी गळते म्हणून मांजराला दयामरण द्यावं लागत नाही. जे मांजर आवडीने खातं, अंग साफ करतं, खिडकीत बसून चिमण्या पाहतं आणि कुशीत येऊन गुरगुरतं, त्याला डायपरची लाज वाटत नाही.

पण संसर्ग थांबतच नसेल, जखमा भरत नसतील, दर वेळी मूत्राशय दाबताना मांजर वेदनेने ओरडत असेल आणि खाणं सुटलं असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं. अमेरिकन पशुवैद्यक अॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर मांजराचं जगणं सुसह्य आहे, असं धरता येतं.

हे गुण एकाच दिवशी न देता आठवडाभर, घरातल्या दोघांनी वेगवेगळे लिहून ठेवले तर चित्र जास्त स्पष्ट होतं. जो रोज साफसफाई करतो त्याला मांजराचे हाल जास्त दिसतात, जो संध्याकाळी घरी येतो त्याला त्याची गुरगुर जास्त ऐकू येते. दोन्ही वह्या डॉक्टरांसमोर ठेवून मग निर्णय घ्यावा.